राहिलेली वीस मिनिटं

माझ्या सासऱ्यांनी आमच्याकडे कायमचं राहायचं की नाही, हे एका अमेरिकन बाईवर अवलंबून होतं, आणि ती बाई गेली अठ्ठेचाळीस वर्षं एका रेल्वे फलाटावर उभी होती. आता यात माझी काय चूक? पण आमच्या सोसायटीत आजही कुणालाही विचारा, "त्या रविवारी पाण्याचा गोंधळ कुणामुळे झाला?" लगेच बोट माझ्याकडे.

आम्ही खराडीत राहतो. म्हणजे आमचा अभिनव इथल्या एका आयटी कंपनीत आहे, त्याने फ्लॅट घेतला आणि आम्ही दोघं त्याच्या मागोमाग आलो. मी टेलिफोन खात्यातला. एके काळी लोक फोनच्या जोडणीसाठी माझ्या टेबलासमोर हात जोडून उभे राहायचे, लग्नपत्रिकेवर माझं नाव आधी घालायचे. मग भाजीवाल्याच्याही खिशात मोबाइल आला आणि खात्याने मला स्वेच्छानिवृत्ती दिली. त्यातली स्वेच्छा खात्याची होती. तेव्हापासून माझ्या हक्काच्या दोनच गोष्टी उरल्या होत्या. गॅलरीतली वेताची खुर्ची आणि सकाळचा पेपर, घडी न मोडलेला.

आठ महिन्यांपूर्वी माझ्या सासऱ्यांच्या, रावसाहेबांच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि शुक्रवार पेठेतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांना कुलूप लावून ते आणि सासूबाई आमच्याकडे आले. दुसऱ्याच दिवशी खुर्ची गेली. तिसऱ्या दिवशी पेपर गेला. तो मला साडेनऊला मिळू लागला, तोही शब्दकोडं सोडवून. रावसाहेब खडकीच्या दारूगोळा कारखान्यात पस्तीस वर्षं सुपरवायझर होते, त्यामुळे समोरचा माणूस चुकतोय हे त्यांना त्याने तोंड उघडायच्या आधीच कळतं.

"जावईबापू, ही खराडी म्हणजे पुणं नव्हे," ते रोज सकाळी खुर्चीत बसून सांगत. "इथून मंडईला जायचं तर शिदोरी बांधावी लागते. पाणी टँकरचं, माणसं काचेच्या डब्यात बसलेली, आणि भाजी! भाजीला भाजीचा वास तरी येतो का?"

सासूबाईंचं बरोबर उलटं. त्यांना लिफ्ट आवडली, लेक जवळ असण्याचं सुख आवडलं, तळमजल्यावरच्या बायकांचा भिशी-मंडळाचा कट्टा तर फारच आवडला. "अठ्ठेचाळीस वर्षं जिने चढले हो," त्या म्हणायच्या, "आता बटण दाबते. मला नाही जायचं परत."

गंमत म्हणजे या वाईट भाजीच्या गावात आमच्या घरी मेथीच्या जुड्या येऊ लागल्या होत्या. सकाळच्या फेरफटक्याहून येताना रावसाहेब आणत, बुटांना चिखल लागलेला असे. कुठून आणली विचारलं की म्हणायचे, "रस्त्यावर मिळाली. मंडईसारखी नाही." आणि मग जेवताना प्रत्येकाच्या ताटाकडे बघत बसायचे, कोण किती खातोय ते. मी तेव्हा लक्ष दिलं नाही. मला पेपरचं दुःख होतं.

एका रात्री जेवताना रावसाहेब म्हणाले, "माणसाने आपल्या गावीच राहावं. त्या सिनेमातल्या पोरीला हे कळलं, पण आमच्या घरात कुणाला कळत नाही."

"कळलं काय डोंबल!" सासूबाई म्हणाल्या. "ती गाडीत बसून गेली."

"राहिली!"

"गेली!"

माझी बायको नंदा कपाळाला हात लावून म्हणाली, "झालं सुरू." तिचं सगळं लहानपण या भांडणात गेलेलं. त्याची हकिगत अशी की १९५८ साली, नवीन लग्न झालेलं असताना, कारखान्यातल्या कुणा साहेबाने रावसाहेबांना कँपातल्या थिएटरची दोन तिकिटं दिली. इंग्रजी सिनेमा. एक मुलगी मोठ्या शहरात नाव काढते आणि बऱ्याच वर्षांनी आपल्या लहानशा गावी परत येते. मग जुनं घर, रुसलेली बहीण, एक गरीब पण उंच माणूस, पुष्कळ रडारड. शेवटी ती दोरी बांधलेली सुटकेस घेऊन स्टेशनवर उभी, शहराची गाडी येतेय, आता ती चढणार की गावातच राहणार... आणि नेमके तेव्हा दोघंही उठले. कारण साडेपाचला चाळीत नळाला पाणी यायचं आणि सहाला जायचं. इंग्रजी बाईचं काय व्हायचं ते होवो, पाणी चुकवून चाललं नसतं. सायकलवर डबलसीट घरी येईपर्यंत दोघांचं पहिलं भांडण झालं, आणि ते अजून मिटलेलं नव्हतं.

"मग लावा पैज!" रावसाहेबांनी ताटावर वाटी आपटली. "शोधा तो सिनेमा. ती गावात राहिली असेल तर आपण शुक्रवार पेठेत परत जायचं. गाडीत बसली असेल तर मी मरेपर्यंत खराडीत राहीन, आणि पुन्हा खराडीविरुद्ध चकार शब्द काढणार नाही."

"लावली," सासूबाई म्हणाल्या. मग सगळ्यांना दम भरला, "पण आमच्या आधी शेवट कुणी बघायचा नाही. जावयांनीसुद्धा नाही."

नंदाने आधी वडिलांच्या पायाकडे पाहिलं. तो जिना, तो गुडघा. मला मात्र, खोटं कशाला बोलू, उकळ्या फुटत होत्या. ते गेले तर खुर्ची परत आणि राहिले तर तोंड बंद. दोन्हीकडून माझाच फायदा. मी म्हणालो, "सिनेमा शोधायची जबाबदारी माझी." इथेच मी फसलो.

कारण सिनेमाचं नाव दोघांनाही आठवत नव्हतं. रावसाहेबांना हिरोची हॅट आठवत होती, सासूबाईंना सुटकेसची दोरी. अभिनवने इंटरनेटवर टाकून पाहिलं. "बाबा, गावी परत येणाऱ्या बाईचे तीनशे बारा पिक्चर आहेत," तो म्हणाला, "अमेरिकेत दुसरा धंदाच नव्हता वाटतं." शेवटी मी डेक्कनवरच्या जुन्या सिनेमांच्या एका दुकानात गेलो. डिस्क भाड्याने देतात. मालक पेपर वाचत होते. घडी न मोडलेला असावा, कारण चेहऱ्यावर समाधान होतं.

"नाव?"

"तेच माहीत नाही."

"मग घरी जाऊन आठवा. आम्ही एकपर्यंत आहोत."

मी हॅट, बहीण, गरीब उंच माणूस असं सगळं सांगितलं. ते ऐकतच नव्हते. शेवटी चिडून म्हणालो, "अहो, तिच्या सुटकेसला सुतळी बांधलेली असते!"

त्यांनी पेपर खाली ठेवला. "मग हे आधी नाही का सांगायचं?" आणि पाठीमागच्या फडताळातून डिस्क काढून समोर ठेवली. "सोमवारी परत. ओरखडा पडला तर तुमचा."

घरच्या टीव्हीवर पाहून टाकला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण सासूबाईंनी कट्ट्यावर पैजेची बातमी केव्हाच पोचवली होती. आख्खी सोसायटी शेवट बघायला येणार होती. त्यामुळे सभागृह लागणार. आमचं सभागृह म्हणजे बिल्डरने क्लब हाउस म्हणून दिलेली एक खोली, जिच्यात उरलेल्या फरश्या आणि खोक्यातले दोन कमोड होते. आणि तिची किल्ली सोसायटीचे अध्यक्ष हिंदुराव यांच्याकडे होती. हिंदुराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही.

"अर्ज तीन प्रतींत," ते म्हणाले. "आणि इंग्रजी चित्रपट आहे. चुंबनं किती?"

"मी कसं सांगू?"

"पाहून प्रमाणित करा. आपण आयोजक आहात."

तेव्हा पंचावन्न वर्षांचा, खात्यात चौतीस वर्षं काढलेला मी, दार लावून, कागद-पेन्सिल घेऊन चुंबनं मोजत बसलो. अभिनव मध्येच आत आला आणि "सॉरी बाबा" म्हणून दार ओढून गेला. शेवटची वीस मिनिटं शपथेप्रमाणे पाहिली नाहीत. मी अहवाल दिला, "एकूण तीन. पैकी एक कपाळावर."

"कपाळावरचं वगळा," हिंदुराव म्हणाले. "पण शेवटच्या वीस मिनिटांचं काय? ती अप्रमाणित आहेत. त्या वेळात मी स्वतः यंत्राजवळ बसेन आणि गरज पडल्यास भिंगावर हात धरेन." हे त्यांनी अर्जावर शेरा म्हणून लिहिलं.

प्रोजेक्टर अभिनवने ऑफिसातून आणायचा होता. त्याला कंपनीच्या फाटकावर दीड तास बसवून ठेवला, कारण गेटपासवर वायरी दोन लिहिल्या होत्या आणि पिशवीत तीन निघाल्या. तिसरी वायर त्याच्या चार्जरची होती, हे पटवायला त्याचा बंगलोरचा मॅनेजर फोनवर यावा लागला.

आणि या सगळ्यात सोसायटीची पाण्याची मोटर जळाली. नवी यायला आठ दिवस. तोवर टँकर आला की ज्याने त्याने खाली जाऊन बादल्या भरून आणायच्या. टँकर संपतचा. संपत इथला मूळचा, आमची इमारत उभी आहे ती जमीन त्याच्याच वडिलांची. त्याला हिंदुरावांनी बजावलं, रविवारी सातच्या आत यायचं नाही. सिनेमा साडेचार ते साडेसहा. एक ते चार कुणी उठणार नाही म्हणून.

रविवारी साडेचारला खिडक्यांना चादरी लावल्या. साठ माणसं आली. खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून दोघं कमोडच्या खोक्यांवर बसले. पहिल्या रांगेत रावसाहेब आणि सासूबाई. सासूबाईंनी ठेवणीतली नऊवारी काढलेली, केसात गजरा. सिनेमा सुरू झाला आणि माझ्या भाषांतराचे हाल सुरू झाले. "काय म्हणाली ती?" पाठीमागून कुणी विचारायचं, मी सांगेपर्यंत बाई पुढचं वाक्य बोलून रडायला लागलेली असायची. पण हळूहळू विचारणं बंद झालं. बहीण दार उघडत नाही तिथे बायका मुसमुसायला लागल्या. बहिणीने दार न उघडणं भाषांतराशिवाय कळतं.

सहा वाजून दहा मिनिटं. बाई स्टेशनवर आली. हातात सुतळीची सुटकेस. हिंदुराव हात वर करून यंत्राजवळ सज्ज झाले. गरीब उंच माणूस धावत आला. लांबून गाडीची शिटी झाली.

आणि खाली टँकरचा हॉर्न वाजला.

मी सांगतो, पाण्याचं दुर्भिक्ष पाहिलेला माणूस त्या हॉर्नला विचार करत नाही. अर्ध्या मिनिटात सभागृह रिकामं! कमोडची खोकी उलटी पडली. हिंदुराव स्वतः "रांगेने! रांगेने!" ओरडत पळाले. अभिनवला नेमका अमेरिकेहून फोन आला, तो जिन्यात उभा राहून "येस, येस, वी आर लुकिंग इंटू इट" करत बसला. नंदा ओरडली, "अहो, बादल्या!" रावसाहेब उठले, पुन्हा बसले. तेव्हा सासूबाईंचा आवाज ऐकला.

"तुम्ही जा. मागच्या खेपेला मी उठले, या खेपेला नाही उठणार. दोघांतल्या एकाने तरी बघायला हवं."

"बरं, तू बघ. तू सांगशील ते कबूल," रावसाहेब म्हणाले, आणि दुखऱ्या गुडघ्याने माझ्या पुढे जिना उतरले. चक्क गुणगुणत होते.

खाली संपत पाइप धरून उभा. हिंदुराव त्याच्यावर तुटून पडले. "सात म्हटलं होतं ना?"

"आवो, काकांनी सांगितलं व्हतं आज कारेक्रम हाय म्हनून," संपत रावसाहेबांकडे बोट करत म्हणाला. "म्हटलं काकांच्या मान्सांची गैरसोय नको, जरा येळेच्या आधी आनावं. काय चुकलं का, काका?"

"मी ओळखत नाही याला," रावसाहेब म्हणाले, आणि पहिली बादली त्यांनाच मिळाली.

वर आलो तेव्हा पडदा पांढरा होता आणि सासूबाई चादरीची घडी घालत होत्या. साठ माणसं ओल्या पायांनी दारात. शेवटी मीच विचारलं.

"राहिली," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी कुणाकडेच पाहिलं नाही. "गाडी निघून गेली. ती गावातच राहिली. तुम्ही जिंकलात हो."

टाळ्या पडल्या. रावसाहेबांच्या हातातली बादली खाली टेकली, अर्धं पाणी फरशीवर. "मी म्हणत होतोच," ते म्हणाले. पण आवाज काही जिंकलेल्या माणसाचा नव्हता.

पुढच्या रविवारी सकाळी अकराला टेंपो ठरला. सोमवारी डिस्क परत गेली, प्रोजेक्टर परत गेला. वायरी तीन. नंदा आई-वडिलांचं सामान बांधत होती. मी खुर्चीत बसून पाहिलं. खुर्ची तीच होती, पण ती अशी टोचते हे पूर्वी लक्षात आलं नव्हतं. बुधवारी सकाळी रावसाहेबांनी पेपर माझ्यापुढे धरला. घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"तुम्ही वाचा आधी," ते म्हणाले.

मी घाबरलोच. म्हटलं, "रावसाहेब, बरं वाटत नाही का?"

ते गॅलरीच्या कठड्याला टेकले. मग हळूच म्हणाले, "जावईबापू, ती गाडीत बसली."

"कोण?"

"ती, सुटकेसवाली. पुढच्या रविवारी मी एकटा पुन्हा गेलो होतो थिएटरात. अठ्ठावन्न साली. शेवटपर्यंत बसलो. ती गाडीत बसून गेली."

"मग आईंना का नाही सांगितलं?"

"लग्नाला सव्वा वर्ष झालेलं. पहिल्याच मोठ्या मुद्द्यावर हरलो असतो तर पुढचं आयुष्य कसं काढलं असतं?"

हे मला पटलं. पण दुसरं काही कळेना. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं की तुम्ही हरणार? मग पैज कशाला लावलीत?"

"हरायलाच!" ते एकदम चिडले. "आठ महिने खराडीला शिव्या घातल्यावर 'मला इथे राहायचंय' असं कुठल्या तोंडाने सांगू? हरलो असतो तर गुपचूप राहिलो असतो, मानाने." मग आवाज खाली आला. "तिकडे कुणी उरलं नाही हो. कट्ट्यावरचे आम्ही सहा होतो, आता मी एकटा. इथे तो संपत आहे. त्याच्याकडे पाच गुंठे शिल्लक आहेत. दोघं मिळून मेथी लावतो आम्ही. पुढच्या महिन्यात वांगी लावायची होती."

"आणि आई खोटं का बोलल्या?"

"माझ्यासाठी, दुसरं काय?" रावसाहेबांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. "मी रोज कुरकुरतो, तिला वाटलं, म्हातारा इथे झुरतोय. स्वतःची लिफ्ट सोडून निघाली माझ्याबरोबर जिने चढायला. आता तिला खोटी पाडू? इतक्या लोकांसमोर?"

चौतीस वर्षांत मी पुष्कळ लोकांच्या लाइनी जोडल्या, पण एकाच घरातल्या दोन माणसांची अशी लाइन तुटलेली पाहिली नव्हती. आणि हे दोघं एकमेकांसाठी नको त्या घरी राहायला निघाले होते. मला खरंच रडू आलं. मग मी टेलिफोन खात्यात जे कायम करत आलो तेच केलं. साहेबाकडे गेलो.

"हिंदुराव," मी म्हणालो, "शेवटची वीस मिनिटं अजून अप्रमाणित आहेत. उद्या कुणी माहिती मागितली की सभागृहात काय दाखवलं, तर सही आपली आहे."

हिंदुरावांचा चेहरा पडला. त्यांनी तिथल्या तिथे नोटीस लिहिली. "चित्रपटाचा उर्वरित भाग रविवारी सकाळी ठीक दहा वाजता आयोजकांच्या घरी तपासणीसाठी दाखवला जाईल. उपस्थिती ऐच्छिक. चहा मिळणार नाही."

मी पुन्हा डेक्कनला. मालकांनी डिस्क हातात ठेवली. "पाण्याची वेळ?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"हा सिनेमा पेठेतल्या कुणीच पूर्ण पाहिलेला नाही," ते म्हणाले आणि पेपरात डोकं घातलं.

रविवारी दहाला आमच्या दिवाणखान्यात चाळीस माणसं. खाली टेंपो उभा, त्यात दोन गाद्या आणि सासूबाईंचा स्टीलचा डबा चढलेलासुद्धा. सासूबाई येईचनात. "एकदा पाहिलं ना मी," म्हणत स्वयंपाकघरात भांडी घासत होत्या, घासलेलीच. नंदाने हाताला धरून आणून बसवलं. दारात संपत, हातात वांग्याच्या रोपांचा ट्रे.

बाई स्टेशनवर आली. गाडी आली. गरीब उंच माणूस तिच्याकडे वाकला, आणि हिंदुराव ताडकन उठून टीव्हीसमोर उभे राहिले!

"हिंदुराव, बाजूला व्हा!" मी त्यांचा सदरा धरून त्यांना मागे ओढलं. आयुष्यात मी कुठल्याही अध्यक्षाला असा हात लावलेला नाही. तो माणूस फक्त सुटकेस उचलायला वाकला होता. त्याने ती गाडीत ठेवली. बाई पायरीवर चढली, आत गेली, खिडकीत आली. गाडी सुटली. रिकाम्या फलाटावर तो एकटा उभा राहिला, आणि सिनेमा संपला.

सगळे सासूबाईंकडे बघत होते. त्यांची मान खाली.

"मला नीट दिसलं नाही," त्या पुटपुटल्या. "डोळ्यांत पाणी होतं माझ्या."

"तेच ते!" रावसाहेब उठून उभे राहिले, गुडघा धरून, आणि सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तिचा काही दोष नाही. अठ्ठेचाळीस वर्षं ती बरोबर सांगत होती, मीच ऐकत नव्हतो. ती गाडीत बसली. मी चुकलो! संपत, त्या गाद्या वर आण."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला आणि ढसाढसा रडल्या, आणि रडता रडता म्हणाल्या, "आता वांगी लावा हो निवांत. मेथी कुठून येते ते मला काय कळत नव्हतं? पण रोजची कुरकुर ऐकून वाटलं, जीव पेठेतच अडकलाय."

माझ्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. रावसाहेबांच्या तोंडून "मी चुकलो" हे शब्द मी त्या सकाळी पहिल्यांदा ऐकले, आणि तेही खोटे होते.